‘संशयकल्लोळ’मधली तसबीर कुठं गेली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकाच्या नव्या प्रयोगाचं परीक्षण वाचलं. प्रयोग मीही पाहिला आहे. गायकांचं कौतुक केलंय ते रास्तच आहे. नायिका रेवती करणाऱ्या मुलीचा गळा गोड आहे आणि फिरताही आहे. ‘मृगनयना’ या पदाला तर माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वन्समोअर देऊन देऊन स्वतःचाच घसा बसवून घेतला. माझं भांडण आहे ते त्यापुढच्या वाक्याशी. ‘जुन्या संहितेतला पाल्हाळ काढल्यामुळे प्रयोग सुटसुटीत झाला आहे,’ असं परीक्षणकर्त्यांनी लिहिलंय. त्या पाल्हाळाबरोबर नाटकही गेलं, एवढं सांगायला हे पत्र. लांबलं तर कात्री लावायचा अधिकार आपला आहेच. फक्त नेमकी जागा बघून लावा.

आधी मी कोण ते सांगते. टपाल खात्यातून निवृत्त झाले. मिरजेतल्या एका हौशी संगीत नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं प्रॉपर्टी सांभाळली. नटांच्या हातात जी जी चीज लागते, म्हणजे पानाचा डबा, काठी, पत्र, फुलांची परडी, ती ज्या त्या विंगेत वेळेवर हजर ठेवायची आणि काम झालं की परत ताब्यात घ्यायची, हे माझं काम. गळा देवानं दिला नाही आणि पाठांतराचा कंटाळा. पण खात्यात रजिस्टर टपाल सांभाळलेलं असल्यामुळे कुठली वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली हे डोक्यात पक्कं बसतं. ‘संशयकल्लोळ’ला नेमकी हीच विद्या लागते. आमचे अण्णा, म्हणजे आमचे दिग्दर्शक, तालमीत म्हणायचे, “या नाटकात मुख्य भूमिका तसबिरीची. बाकीच्यांनी तिच्यामागं पळायचं.”

ज्यांनी नाटक पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रेवतीला रस्त्यात चक्कर येते. तिथून जाणारे फाल्गुनराव तिला सावरतात आणि नेमकं तेच त्यांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेला पडतं. रेवतीजवळ तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर असते ती त्या गडबडीत पडते आणि कृत्तिकेला सापडते. कृत्तिका ती न्याहाळत असताना फाल्गुनराव येतात, म्हणजे आता संशय घ्यायची पाळी त्यांची. ते तसबीर हिसकावून घेतात. मग अश्विनशेठला आपलीच तसबीर एका परक्या गृहस्थाच्या हातात दिसते आणि रेवतीनं ती देऊन टाकली असं वाटून तोही पेटतो. पुढं रेवतीही मागं राहत नाही. चौघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, खोटं कुणीच बोलत नसतं आणि प्रत्येकानं दुसऱ्याला भलताच कुणीतरी ठरवलेलं असतं. फाल्गुनरावांच्या लेखी अश्विनशेठ हा बायकोचा यार आणि अश्विनशेठच्या लेखी फाल्गुनराव हे रेवतीचे नवे मालक. सगळा घोटाळा एका बोटभर चौकटीनं केलेला.

नव्या प्रयोगात काय झालं ते सांगते. संस्थेचं नाव लिहीत नाही, मंडळी तरुण आहेत आणि पदरमोड करून करतात. पडदा उघडल्यावर मागच्या मोठ्या स्क्रीनवर अश्विनशेठचा फेट्यातला फोटो झळकला, दहा फूट उंच. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. चक्कर झाली, कृत्तिकेनं तसबीर उचलली, तेही झालं. पण त्यानंतर फाल्गुनराव मागून येऊन पाहतात तो प्रवेश गाळला आणि अश्विनशेठ तसबीर ओळखतो तो अर्ध्यावर आणला. मधलं सगळं सूत्रधाराच्या चार वाक्यांत. लगेच पुढचं पद. त्यामुळे फाल्गुनराव रंगमंचावर आले ते चिडूनच. कशावरून चिडले हे प्रेक्षकांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. बिचाऱ्या नटाला हशा काढायला धोतरात पाय अडकवून घ्यावा लागला. हशा आला, पण तो धोतराला आला. माझ्या मागच्या रांगेतली कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला विचारत होती, “हे अंकल सायको आहेत का?” तिची चूक नाही. संशय कुठून आला हे दाखवलंच नाही तर फाल्गुनराव वेडेच वाटणार.

आमच्याकडे हा प्रवेश कसा बसवला होता ते लिहिते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. खिडकीचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली खोटी भिंत, डावीकडे. त्याच्यामागे सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट उलटा घातलेला, त्यावर कृत्तिका. फाल्गुनरावांनी रेवतीला सावरायचं ते असं, की खिडकीतून त्यांची पाठ आणि त्यांच्या खांद्यावरचा रेवतीचा हात दिसावा, आणि प्रेक्षकांना त्यांचा घाबराघुबरा चेहरा. रेवतीच्या अंगाला हात लावावा की लावू नये, या विवंचनेत त्यांची बोटं हवेत. कृत्तिकेला दिसतं ते आलिंगन, आपल्याला दिसते ती धांदल. दोन्ही एकाच वेळी. हे जमवायला अण्णांनी संबंध संध्याकाळ घालवली होती. फाल्गुनराव करणारे आमचे मास्तर शेवटी वैतागून म्हणाले, “अहो, इतकी मेहनत मी स्वतःच्या लग्नात घेतली नव्हती!”

आणि तसबीर. ती तळहातात मावेल एवढी हवी. मोठी झाली तर पदराखाली जात नाही, फार लहान झाली तर तिसऱ्या रांगेपुढं कुणाला दिसत नाही. आमची पितळी काठाची होती, मागं तांबडं मखमल चिकटवलेलं, म्हणजे पाठ फिरवलेली असली तरी तसबीर कुठंय ते लांबून कळावं. काच मी मुद्दाम काढून टाकली होती. काचेवर स्पॉट पडला की चमक प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते, आणि पडताना फुटली तर पुढच्या प्रवेशाला अनवाणी नट. अश्विनशेठचा नट बदलला की पोशाखाच्या आधी फोटो बदलायचा. एका चष्मेवाल्या अश्विनशेठनं हट्ट धरला होता, फोटोत चष्मा असू दे, त्याशिवाय मी चांगला दिसत नाही. अण्णांनी मान्य केलं नाही.

माझी म्हणून एक वही होती. तिच्यात प्रत्येक प्रवेशासमोर लिहिलेलं असायचं: तसबीर कुणाकडे, कुठल्या हातात, प्रेक्षकांकडे तोंड की पाठ, कुठल्या वाक्यावर हात बदलते, कुठल्या विंगेतून माझ्याकडे परत येते. नव्या प्रयोगात या वहीची निम्मी पानं कोरी राहिली असती.

कुणी म्हणेल, बाई प्रॉपर्टीवाल्या, यांना नाटकात प्रॉपर्टीच दिसणार. दिसू दे. पण देवलांची नाटकं जरा ओळीनं मांडून बघा. 1887 चं ‘मृच्छकटिक’ शूद्रकाच्या संस्कृत नाटकावरून. त्यात नायिका वसंतसेनेचे दागिने या घरातून त्या घरात फिरतात, चोरीला जातात, परत येतात आणि शेवटी तिच्या प्रियकराला, चारुदत्ताला, सुळापर्यंत नेतात. वर गाड्यांची अदलाबदल आहेच. वसंतसेना भलत्याच गाडीत बसते आणि खलनायक शकाराच्या तावडीत सापडते. 1890 चं ‘झुंजारराव’ शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून. तिथं एक हातरुमाल भलत्या हातात जातो आणि नवरा बायकोचा जीव घेतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1893 मध्ये, याच माणसानं हातरुमालाच्या जागी तसबीर ठेवली आणि लोकांना पोट धरून हसवलं. हरवलेली वस्तू, उतावीळ नवरा, डोळ्यांनी पाहिलेला पुरावा, सगळं तेच. एकीकडे खून, दुसरीकडे प्रहसन. देवल स्वतः तालीममास्तर. नटाच्या हातात काय दिलं की त्याचं काम उभं राहतं, हे त्यांना न कळेल तर कुणाला? आणि मराठी संगीत रंगभूमी सुरू झाली तीच मुळी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतला’नं, म्हणजे हरवलेल्या अंगठीच्या गोष्टीनं. त्या अंगठीचा प्रवेश गाळून ‘शाकुंतल’ सुटसुटीत करायला कुणी धजेल का?

आता पदांविषयी, कारण सगळी कापाकापी पदांसाठीच चालते. 1893 चं ते नाटक गद्य होतं. नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. लेखकानं तसबीर नावातच घातली होती, पाहा. त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ पुढं झालं आणि गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं 1916 साली. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले, पहिला प्रयोग त्यांच्या पश्चात झाला. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. ‘मृगनयना’, ‘संशय का मनि आला’, ‘कर हा करी धरिला’ ही पदं आज घराघरांत आहेत, माझ्याही मोबाईलमध्ये आहेत. पण नाटक आधी बिनपदांचं उभं होतं. पदं ठेवून गद्य कापणं म्हणजे मागून बांधलेला माडीचा मजला ठेवून खालचं जोतं काढून घेणं. बोडसांचे फाल्गुनराव बालगंधर्वांच्या रेवतीइतकेच लोकांच्या ध्यानात राहिले. रात्रभर चालणाऱ्या गाण्याच्या बैठकीत एका गद्य नटाची एवढी आठवण राहते ती उगीच नाही.

गोष्टीचं मूळ तर त्याहून जुनं. फ्रेंच नाटककार मोलिएरनं 1660 मध्ये पॅरिसात ‘स्गानारेल’ केलं, एकच अंक, तोही पद्यात. मुख्य भूमिका त्याचीच. त्याच्या हयातीत त्याच्या मंडळीनं सर्वाधिक वेळा केलेलं नाटक हेच. ते इतकं चाललं, की एका पठ्ठ्यानं नाट्यगृहात पुन्हा पुन्हा जाऊन सगळं पाठ केलं आणि लेखकाला न विचारता छापून टाकलं. म्हणजे मोबाईलवर चोरून शूटिंग करणारे आपल्याकडचेच, असं समजायचं कारण नाही. त्या ‘स्गानारेल’वरून 1761 मध्ये लंडनला आर्थर मर्फीनं मोठं पाच अंकी नाटक केलं आणि देवलांनी ते हाताशी धरलं. म्हणजे पॅरिसातली ती रंगवलेली तसबीर लंडनमार्गे आमच्या कृष्णाकाठी आली, कारण देवल हरिपूरचे, सांगलीजवळच्या. एवढ्या मुक्कामांत भाषा बदलली, पोशाख बदलले, नावं तर देवलांनी थेट पंचांगातून उचलली: फाल्गुन, अश्विन, कृत्तिका, रेवती, आणि फाल्गुनरावांचा गडी भादव्या. तसबीर मात्र कुणी गाळली नाही. आपणच पहिले.

देवलांनी स्वतःची म्हणून एक मोठी गोष्ट त्यात घातली ती रेवतीची. त्यांची रेवती नायकिणीची मुलगी आहे आणि तिला लग्न करून घरात नांदायचंय. त्यामुळे अश्विनशेठचा संशय नुसता प्रियकराचा राहत नाही. तसबीर परक्याच्या हातात दिसली रे दिसली की तो ‘ही बहु चपल वारांगना’ या पदावर, म्हणजे तिला वेश्या म्हणण्यावर, येतो. एवढं प्रेम, एवढ्या शपथा, आणि पहिल्याच धक्क्याला तोंडातून काय बाहेर पडतं, तर तिची जात. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याविरुद्ध ‘शारदा’ नाटक लिहिणाऱ्या माणसाला हे नकळत सुचलं असेल, असं मला वाटत नाही. गेल्या महिन्यातल्या प्रयोगात हे पद फार सुरेल झालं. तानेला टाळ्या आल्या. पण त्याआधीचा तसबिरीचा प्रवेश अर्धा कापलेला असल्यामुळे अश्विनशेठ असं का म्हणतोय हे कुणाला टोचलंच नाही. रेवतीला तर टोचायला हवं होतं. ती बिचारी पुढच्या पदाचा स्वर धरून उभी होती.

कृत्तिकेचंही तेच. तिला हल्ली कजाग बायको म्हणून रंगवतात, मोठे डोळे, कमरेवर हात. मुळात ती नवऱ्याच्या तोडीस तोड आहे. फाल्गुनराव जेवढा संशय घेतात तेवढाच ती घेते, आणि तिच्याकडे पुरावा जास्त चांगला आहे! आमच्याकडे ही भूमिका एक बँकेतल्या वहिनी करायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. नवरा ओरडत असताना त्या शांतपणे पानाला चुना लावत बसायच्या आणि त्याचं बोलणं संपलं की पान स्वतःच्या तोंडात टाकायच्या. त्या एका पानावर हमखास हशा. (पान मी ताजं ठेवायची. त्यांचा तेवढा एकच आग्रह असे.) नव्या प्रयोगात कृत्तिकेला इतकं कापलंय, की शेवटी समेट होतो तेव्हा तिचं भांडण नेमकं कशावरून होतं तेच आठवावं लागतं.

संस्थांच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. नाट्यगृह ठरावीक तासांसाठी मिळतं, वर तासाचे पैसे. ऑर्गन आणि तबल्याची साथ स्वस्त राहिली नाही. तालमीला माणसं जमत नाहीत, गाणारा मिळतो तर त्याला गद्य नको असतं. प्रेक्षकांची शेवटची एसटी असते. राज्य संगीत नाट्य स्पर्धेलाही वेळेचं बंधन असतंच. गोव्यात जत्रेच्या रात्री गावचेच लोक संगीत नाटक उभं करतात, तिथं पहाट झाली तरी कुणी घड्याळ पाहत नाही. ते भाग्य आपलं नाही. तेव्हा कापावं लागणार हे मान्य. देवलांचं गद्यही काही शिलालेख नाही. कोटीवर कोटी चालते ती कमी करावी, चाकरमाणसांच्या काही बोलाचाली लांबतात त्या आवराव्यात. आणि पदं मोजकी घ्यावीत. प्रत्येक पदाला तीन अंतरे, वर तराणा असल्यासारख्या ताना आणि वन्समोअर आला की परत धृपदापासून, हे जरा आवरलं तर तसबिरीचे सगळे प्रवेश मावून दहा मिनिटं उरतील. ही सूचना गाणाऱ्यांना आवडणार नाही. आमच्या अश्विनशेठनं या एका कारणावरून माझ्याशी अबोला धरला होता.

आणि ज्यांना खरोखर पदंच गायची आहेत त्यांनी खुशाल गावीत. जाहिरातीत ‘संशयकल्लोळमधील नाट्यपदं, मधे निवेदन’ असं छापावं, मीच पहिलं तिकीट काढीन. पण ‘संगीत नाटक’ म्हणून तिकीट विकायचं आणि नाटकाच्या जागी निवेदक उभा करायचा, हे बरं नाही. नव्या प्रेक्षकाला वाटतं, जुनं नाटक असंच असायचं. थोडा धांगडधिंगा, मग गाणं, मग थोडा धांगडधिंगा. तो मग पुन्हा येत नाही, आणि मग आपण म्हणतो, आजच्या पिढीला संगीत नाटक नको. त्या मागच्या रांगेतल्या मुलीला चारही संशय नीट, एकापाठोपाठ एक, डोळ्यांसमोर दाखवले असते तर ती हसली असती, खात्री आहे मला. तिच्या हातातल्या फोनमध्येही कुणाचा तरी फोटो असेलच, आणि तो भलत्यानं पाहिला तर काय होतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

परीक्षण लिहिणाऱ्यांनाही एक विनंती. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा यांना शेवटच्या ओळीत ‘पूरक’ म्हणून मोकळं होण्याआधी, पुढच्या वेळी तसबीर कुणाच्या हातात आहे एवढं प्रत्येक प्रवेशाला पाहावं.

माझी वही अजून आहे. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण अक्षर वाचता येतं. कुठल्याही संस्थेला ‘संशयकल्लोळ’ बसवायचं असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडून माझा पत्ता घ्यावा. वही घराबाहेर देत नाही, इथं बसून उतरवून घ्यावी लागेल. फोटो काढले तरी चालतील. येताना अश्विनशेठला आणू नका, कृत्तिकेला आणा. पितळी चौकटही द्यायला तयार आहे, मात्र प्रयोग संपला की त्याच रात्री परत पाहिजे, आणि परत देणाऱ्यानं सही करून द्यायची.

कळावे,
आपली,
टपाल खात्यातली एक निवृत्त कर्मचारी, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)